घड्याळाशेजारचं हिरवं

१

डॉक्टरबाईंच्या दवाखान्यातून सात आठवड्यांत एकतीस माणसं नाहीशी झाली.

मेली नाहीत, कोणी पळवूनही नेली नाहीत. सगळी आपापल्या घरी खातपीत होती. फक्त ज्या दिवशी दाताच्या खुर्चीत येऊन तोंड उघडायचं, त्या दिवशी एकही फिरकला नाही. कोणाचे टाके काढायचे होते, कोणाची पक्की कॅप बसवायची होती, कोणाची सहामाही तपासणी होती. अशा माणसांना सकाळी काउंटरवरून फोन जातो, की उद्या तुमची पाळी, या. तो फोनच गेला नव्हता. हे कोणाच्या लक्षातही आलं नसतं, पण सोमवारी एक गृहस्थ गाल धरून आले. कच्ची कॅप निघून पडली होती, खाली पू झाला होता, आणि पूर्ण तोंड उघडत नसतानाही त्यांनी जो आवाज चढवला तो रस्त्यापलीकडच्या शिंप्यानं ऐकला.

फोन करायचं काम काउंटरवरच्या ताईंचं. तेव्हा आरोपी शोधायची गरजच नव्हती.

"तुम्ही फक्त कॉम्प्युटर तपासून सांगा," डॉक्टरबाई शुक्रवारी सकाळी मला म्हणाल्या. "त्यात काही बिघाड असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर ताईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगायचं आहे. तसं त्यांनी लिहूनही दिलंय."

"काय लिहून दिलंय?"

त्यांनी खणातून एक कागद काढला. वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'फोन करायचे माझ्या हातून राहिले. कसे राहिले ते मला सांगता येत नाही.'

मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. अठरा वर्षं हेच करतो आहे आणि माझं ठाम मत आहे की बिघाड मशीनमध्ये दहातून एकदा असतो, नऊ वेळा तो खुर्चीत बसलेला असतो. लोकांना हे मत आवडत नाही. माझ्या मावशीला तर मुळीच नाही, आणि त्या दिवशी ती माझ्याबरोबर होती. तिच्या खालच्या कवळीचं माप द्यायचं होतं म्हणून मीच तिला स्कूटरवर घेऊन आलो होतो. तिनं तो कागद माझ्या हातातून घेतला, चष्मा वर सरकवून दोनदा वाचला.

मावशीनं छत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली आहेत. समोर आलेली कुठलीही अक्षरं ती चुका शोधायलाच वाचते, लग्नपत्रिका असो की औषधाची बाटली.

"गुन्हा कबूल करणारा माणूस," ती म्हणाली, "'सांगता येत नाही' असं लिहीत नाही. काहीतरी कारण लिहितो, खोटं का होईना. हिला खरंच माहीत नाहीये."

२

मी काउंटरवरच्या मशीनपाशी बसलो. ते मशीन माझ्या चांगल्या ओळखीचं. पूर्वी ते सुरू व्हायला इतका वेळ लावायचं की चहा करून पिऊन व्हायचा. मी हात फिरवल्यापासून बटण दाबलं की उभं. पडदाही कसा लख्ख. लोक पडद्यावर जे उकिरडे साठवतात ते पाहून माझ्या अंगावर काटा येतो.

फोन करायच्या माणसांची नोंद ठेवणारा छोटा प्रोग्रॅम होता. त्याच्या चित्रावर मी दोनदा टिचकी मारली. क्षणात यादी उघडली आणि एकतीसच्या एकतीस नावं लाल अक्षरांत समोर आली. नाव, फोन नंबर, कोणत्या तारखेला फोन करायचा होता, सगळं. व्हायरस नाही. काही पुसलेलं नाही. प्रोग्रॅम ठणठणीत.

"कॉम्प्युटर निर्दोष आहे," मी जाहीर केलं.

ताई माझ्या मागेच उभ्या होत्या. पन्नाशीच्या, किडकिडीत, चष्म्याची दोरी मानेत. त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं रडतील. त्या रडल्या नाहीत, फक्त रंग उडाला.

"ही नावं होती इथे?" त्यांनी विचारलं.

"होतीच. सात आठवडे होती."

"मला दिसली नाहीत हो."

"ताई, नीट आठवून बघा," मी म्हणालो. मी हे फार समजूतदारपणे म्हणालो, असं मला तेव्हा वाटलं.

त्या गप्पकन स्टुलावर बसल्या. मावशी त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि मला हातानंच लांब व्हायला सांगितलं. मी लांब झालो, पण कान तिथेच ठेवले.

"आईचं असंच सुरू झालं होतं," ताई मावशीला सांगत होत्या. "याच वयात. आधी किल्ल्या, मग गॅस, मग माणसं. शेवटी शेवटी मलाच विचारायची, बाई तुम्ही कोणाकडे आलात. मी घरात कोणाला बोलले नाही. पण सोमवारपासून डोळ्याला डोळा नाही, सगळं वहीत लिहून ठेवते. कुलूप लावलं की लिहिते, लावलं. नोकरी गेली तर जाऊ दे, दुसरी बघेन. पण हे खरंच सुरू झालं असेल तर मी कुठे जाऊ?"

मला वाईट वाटलं. पण भावनेनं मशीन बिघडत नाही. यादी त्यात होती, ताईंनी ती पाहिली नव्हती, आणि तसं मला डॉक्टरबाईंना सांगायचं होतं. मी उठलो.

"थांब," मावशी म्हणाली. "डॉक्टरबाईंना काही सांगू नकोस अजून. ही म्हणते आहे ते वाच जरा."

३

तिनं ताईंची वही माझ्यापुढे धरली. सोमवार, 'गॅस बंद केला. कुलूप लावलं. यादी आली नाही.' मंगळवार, 'कुलूप लावलं. यादी आली नाही.' बुधवार, गुरुवार, तेच.

"काय दिसतं?" मावशीनं विचारलं.

"दिसतं की रोज यादी बघायची राहिली."

"शहाणाच आहेस. तुझी डॉक्टरबाई म्हणते, यादी बघितली नाही. तूही तेच म्हणतोस. ही एकटी म्हणते, यादी आली नाही. बघणं आणि येणं ही दोन वेगळी क्रियापदं आहेत की नाहीत? बघणारी ही. येणारी कोण?"

"मावशी, बोलण्याची पद्धत असते एकेकाची."

"म्हणून तर विचारते. ताई, यादी कशी बघायचात तुम्ही?"

ताई गोंधळल्या. "बघायची म्हणजे? सकाळी मशीन चालू केलं की घंटी वाजायची आणि यादी यायची. समोर. मग मी फोन करायची. कोणी नसलं की यायची नाही. आधीही कधी तीन-तीन दिवस यायची नाही."

"आणि या सात आठवड्यांत?"

"एकदाही नाही. मला जरा नवल वाटलं होतं. धाकट्या डॉक्टरांना बोललेही मी. ते म्हणाले, आली नाही म्हणजे कोणी नाही, बरंच आहे की."

धाकटे डॉक्टर म्हणजे डॉक्टरबाईंचा पुतण्या. माझा संशय आता तिकडे वळला, कारण मामांनी, म्हणजे दवाखान्याची झाडलोट करणाऱ्या म्हाताऱ्यांनी, आल्या आल्या माझ्या कानात एक बातमी घातली होती. धाकट्यांची गाडी गेल्या महिन्यात तीनदा चौकातल्या नव्या दवाखान्यासमोर उभी होती. आता मला चित्र स्पष्ट दिसायला लागलं. पुतण्या पेशंट फोडतो आहे, आणि ताईंना 'कोणी नाही' म्हणून गप्प बसवतो आहे.

मी त्याला मागच्या खोलीत गाठलं. मावशी पाठोपाठ आलीच.

"चौकातल्या दवाखान्यात काय काम असतं तुमचं?" मी सरळ विचारलं.

त्याचा चेहरा पडला. त्यानं दार लावलं. "काकूला सांगणार नसाल तर बोलतो."

"आधी बोला."

त्यानं ओठ बाजूला करून आतली दाढ दाखवली. नवी कोरी, चकचकीत. "रूट कॅनाल करून घेतलं तिथे. काकूचा हात जड आहे हो. मला लहानपणापासून भीती वाटते. पण हे कळलं तर घरात राहायची सोय उरणार नाही."

मावशी इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. मी हसलो नाही. माझा एकुलता एक संशयित दाढ दाखवून सुटला होता, आणि यादी न येण्याचं कारण जिथल्या तिथेच होतं.

४

बाहेर आलो तर मावशी भिंत वाचत होती. वाट बघायच्या खोलीत माशांची काचेची टाकी, वर भिंतीवरचं घड्याळ, घड्याळाच्या खाली एक विजेचं बटण. बटणावर हिरवा दिवा, आणि बटण कोणी बंद करू नये म्हणून त्यावर चिकटपट्टीचे चार-पाच थर. शेजारी पिवळा पडलेला एक कागद चिकटवलेला, 'घड्याळाशेजारचं हिरवं कधीही बंद करू नये.' खाली सही आणि तारीख.

"हे कोणी लिहिलं?" मावशीनं विचारलं.

"अक्कांनी," मामा अभिमानानं म्हणाले. "ताईंच्या आधी काउंटरवर होत्या त्या. जाताना काउंटरच्या काचेखाली ठेवून गेल्या होत्या. तिथे कोणाला दिसणार? मी आणून इथे लावला. या बटणाला हात लावू देत नाही मी कोणाला. मागे वायरमन आला होता, त्यालाही नाही लावू दिला. त्याला झटका बसला जरासा, पण बटण चालू राहिलं."

"काय चालतं याच्यावर?"

"माशांचे बुडबुडे."

मावशी घड्याळाच्या अगदी जवळ गेली. त्याच्या तळाशी नखाएवढी पितळी पट्टी होती. मी त्या खोलीत शंभरदा बसलो असेन, ती पट्टी मला कधी दिसली नव्हती. 'दवाखान्याला दहा वर्षं पूर्ण झाल्याबद्दल, स्नेहभेट,' आणि तारीख.

"मामा, अक्का जाऊन किती झालं?"

"होतील की दोन वर्षं. मध्ये वर्षभर डॉक्टरबाईच काउंटर बघायच्या, मग ताई आल्या."

"कागदावर तारीख दोन वर्षांपूर्वीची आहे," मावशी म्हणाली. "आणि हे घड्याळ इथे येऊन वर्षही झालेलं नाही. अक्कांनी भिंतीवर नसलेल्या घड्याळाशेजारचं हिरवं बंद करू नका असं कसं लिहिलं?"

मामांनी घड्याळाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, मग हिरव्या दिव्याकडे. ज्याची इतकी राखण केली तो दिवा परकाच निघाला हे कळल्यावर माणसाचं जे होतं ते त्यांचं झालं. ते टाकीजवळच्या बाकावर बसले.

"याआधी इथे दुसरं घड्याळ होतं का?"

"नव्हतं. अक्का वेळ सांगायच्या ती कॉम्प्युटरात बघून."

मावशी वळली आणि माझ्याकडे बघायला लागली. "कॉम्प्युटरात घड्याळ कुठे असतं रे?"

"खाली," मी म्हणालो. "उजव्या कोपऱ्यात."

हे बोलता बोलताच माझी नजर काउंटरकडे गेली.

५

"मशीन बंद कर आणि पुन्हा चालू कर," मावशीनं फर्मावलं. "ताई रोज सकाळी करतात तसं. मघाशी तू यादी उघडलीस. आता तिला येऊ दे."

मी बंद केलं, चालू केलं. बटण दाबलं की उभं, सांगितलंच आहे. आम्ही चौघं पडद्याकडे बघत राहिलो. घंटी वाजली नाही. यादी आली नाही.

"बघा," ताई हळूच म्हणाल्या. "अशीच."

उजव्या कोपऱ्यात घड्याळ होतं. त्याच्या शेजारी तीन बारीक चित्रं. आवाजाचं, इंटरनेटचं, प्रिंटरचं. हिरवं काहीच नव्हतं.

"इथे पूर्वी जास्त गर्दी असायची," ताई म्हणाल्या. "आठ-दहा तरी होती. मला काय ती सगळी ठाऊक नव्हती. एक हिरवी घंटा होती खरी."

आता सांगतो. काही प्रोग्रॅम असे असतात की त्यांना कोणी उघडावं लागत नाही. मशीन सुरू झालं की तेही पाठोपाठ उठतात आणि घड्याळाशेजारी आपलं बारीक चित्र लावून बसून राहतात. वेळ झाली की आपणहून समोर येतात. कोण कोण असं उठायचं याची एक यादी मशीनच्या पोटात असते, आणि त्यातल्या कोणालाही एका टिचकीनं झोपवता येतं. झोपवलं तरी प्रोग्रॅम जात नाही. हातानं उघडला तर उघडतो, अगदी ठणठणीत चालतो. फक्त सकाळी आपणहून उठत नाही.

मी ती यादी उघडली. वरून खाली बघत गेलो. सातव्या ओळीत काही अक्षरं आणि एक आकडा असं निरर्थक नाव होतं, बनवणाऱ्याचं नाव अज्ञात, आणि पुढे शब्द होता, 'बंद'. चित्र हिरव्या घंटेचं.

"म्हणजे हिला कोणीतरी झोपवलं," मावशी म्हणाली.

"कोणीतरी," मी म्हणालो.

माझं डोकं चालत नव्हतं, किंवा मी त्याला चालू देत नव्हतो. पुतण्याला असलं काही जमणार नाही. मामा माऊसला उंदीर समजून लांबच राहतात. डॉक्टरबाईंना छापायचंसुद्धा ताईंना सांगावं लागतं. मावशी तोवर टेबलाखाली वाकली होती. खाली मशीनचा डबा होता आणि त्यावर एक पांढरी चिठ्ठी चिकटवलेली होती. अर्थातच तिनं ती वाचली.

"'मशीन साफ केले. अनावश्यक प्रोग्रॅम बंद केले. वेग वाढला.' पुढे तारीख," ती वाकूनच वाचत होती. "बरोब्बर सात आठवड्यांपूर्वीची. आणि सही."

ती सावकाश उभी राहिली.

सही माझी होती.

६

काखेत कळसा नि गावाला वळसा, म्हणतात. मी तर कळसा काखेत घेऊन दुसऱ्यांच्या घरांची झडती घेत होतो.

मला ते आठवतही नव्हतं, हे सगळ्यात वाईट. अशी मशीनं मी आठवड्याला दहा साफ करतो. ओळखीचं नाव दिसलं नाही की बंद. अज्ञात म्हणजे कचरा, हा माझा नियम. ती हिरवी घंटा कोणासाठी वाजते हे मी शेजारी उभ्या असलेल्या बाईंना विचारलं नव्हतं. विचारायला पाव मिनिट लागलं असतं.

ताईंना अजून कळलं नव्हतं. त्या चष्मा पुसत होत्या. मामांचं लक्ष माशांकडे. सही फक्त मावशीनं आणि मी पाहिली होती. एका टिचकीत मी 'बंद'चं 'चालू' करू शकलो असतो आणि डॉक्टरबाईंना सांगू शकलो असतो की मशीननं मध्येच काहीतरी केलं, असं होतं कधी कधी. ताईंची नोकरी वाचली असती. माझी अब्रूही. मी मावशीकडे पाहिलं.

तेवढ्यात आतून हाक आली आणि मावशी आत गेली. माझ्याकडे न बघता गेली.

मी पाठोपाठ गेलो तेव्हा डॉक्टरबाईंनी तिच्या तोंडात मापाचा मसाला भरलेला साचा बसवला होता. पाच मिनिटं हलायचं नाही, बोलायचं नाही. उभ्या जन्मात पहिल्यांदा मावशी बोलू शकत नव्हती.

"काय मग?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "कॉम्प्युटरचं काय निघालं?"

मावशी छताकडे बघत होती.

"ताईंना बोलवा," मी म्हणालो. "त्यांच्यासमोर सांगतो."

ताई दारात येऊन उभ्या राहिल्या, मागे धाकटे डॉक्टर, मामा. मी सगळं सांगितलं. यादी आपणहून यायची ते, घड्याळ कोणतं ते, सातवी ओळ, चिठ्ठी, सही. शेवटी म्हणालो, "फोन ताईंच्या हातून राहिले नाहीत. त्यांना सांगणाऱ्याचं तोंड मी बंद केलं, आणि वर त्यांनाच नीट आठवायला सांगितलं."

डॉक्टरबाईंनी हातमोजा काढला आणि खणातला तो कागद काढून ताईंच्या हातात दिला. "माझं चुकलं," त्या म्हणाल्या. ताईंनी कागदाकडे पाहिलंही नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"म्हणजे मी विसरले नव्हते?"

"नाही."

"एखादवेळी यादी आली असेल आणि..."

"एकदाही आली नव्हती. येऊच शकत नव्हती. तुम्ही वहीत लिहिलंत ते अक्षरन् अक्षर बरोबर होतं."

"एकदाही नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग दाराच्या चौकटीला धरून त्या खाली बसल्या आणि रडल्या. सोमवारपासून साठवलेलं सगळं रडल्या. मला त्यांच्याजवळ जावंसं वाटत होतं आणि पळूनही जावंसं वाटत होतं. मी दोन्ही केलं नाही.

बऱ्याच वेळानं त्या उठल्या, तोंड धुऊन आल्या आणि काउंटरवर जाऊन बसल्या. मीही गेलो. सातव्या ओळीवर 'चालू' केलं, मशीन पुन्हा सुरू केलं. घंटी वाजली. यादी आली, एकतीस नावांची, लाल.

ताईंनी फोन उचलून माझ्यापुढे ठेवला.

"तुम्ही करा," त्या म्हणाल्या. "आणि कोणाच्या हातून राहिलं तेही सांगा. प्रत्येकाला."

मी बसलो. पहिल्या नंबरवर एक म्हातारे होते. त्यांना कॉम्प्युटर म्हणजे काय इथपासून सांगावं लागलं. तिसऱ्या बाईंनी मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दहाव्याला मी थोडक्यात आटपायला बघितलं, तर ताईंनी पेनानं टेबलावर टकटक केलं, आणि मी परत पहिल्यापासून सांगितलं. मावशी मापं देऊन कधीच मोकळी झाली होती आणि बाकावर बसून ऐकत होती. एकतिसावा फोन ठेवला तेव्हा दुपार उलटून गेली होती आणि मला माझी चूक तोंडपाठ झाली होती.

ताईंनी सगळ्या नावांपुढे खुणा केल्या, यादी बंद केली आणि पर्स खांद्याला लावली.

"डॉक्टरबाई, आज लवकर निघते," त्यांनी आत सांगितलं. मग दारात थांबून, माझ्याकडे नाही, मावशीकडे बघून म्हणाल्या, "घरी जाऊन झोपणार आहे."